दहा बाय बाराच्या बाहेरचं घर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ यांचं बिऱ्हाड होतं. चूल, जळण, भांडीकुंडी आणि माणसं, सगळं त्या एका खोलीत. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात तिथल्या रात्रींची हकिगत आहे. शाळकरी भीमराव संध्याकाळी लवकर झोपी जाई. उशाशी जातं असे, जवळच बकरी बांधलेली असे. वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः अंग टाकत. दोघांना एका वेळी आडवं होता येईल एवढी जागाच नव्हती.

१९१२ मध्ये हे कुटुंब पोयबावडीला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या (बीआयटी) चाळ क्रमांक १ मध्ये राहायला आलं. दुसरा मजला, ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत वाचन-लेखन आणि येणारे-जाणारे. पुढची बावीस वर्षं, बॅरिस्टर झाल्यावर, महाडच्या सत्याग्रहानंतर, गोलमेज परिषदेहून परतल्यावरही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पत्ता हाच राहिला. १९३४ मध्ये ते दादरच्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त गेले. ते घर बांधलं गेलं ते मुख्यतः त्यांच्या ग्रंथसंग्रहासाठी.

डबक चाळ, बीआयटी चाळ आणि राजगृह ही तिन्ही घरं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या घरात झोपही पाळीपाळीनं घ्यावी लागे, तिसऱ्यात पुस्तकांना स्वतंत्र दालनं होती. गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर या पट्ट्यात गेल्या दीडशे वर्षांत राहणं कसं बदललं हे समजून घ्यायचं तर नुसते चौरस फूट मोजून भागत नाही. पाणी, संडास, चूल, अंथरूण, पाहुणा, भांडण आणि सण यांतलं काय उंबरठ्याच्या आत होतं आणि काय बाहेर, हा हिशेब मांडावा लागतो. मुंबईच्या चाळकऱ्याचं घर बऱ्याच अंशी त्याच्या खोलीबाहेर होतं. पुढची शंभर वर्षं ते एकेक करून आत येत गेलं.

गिरगावात या हिशेबाची सुरुवात बागायतीपासून होते. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट ही नावं अजून टिकून आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोटाबाहेरच्या या भागात नारळीच्या वाड्या होत्या, विहिरी होत्या आणि मधून मधून कौलारू घरं होती. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावानं ओळखली जाणारी खोताची वाडी त्यातलीच. तिथल्या जागा भाड्यानं घेऊन ईस्ट इंडियन कुटुंबांनी जी घरं बांधली, त्यांतली काही अजून उभी आहेत: समोर लाकडी व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना, एका घरात एकच कुटुंब. वाडीतल्या घराला अंगण होतं, आणि आतलं-बाहेरचं यांच्या मधे व्हरांडा होता.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली. दहाएक वर्षांतच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं ते नेमकं या घाईगर्दीच्या काळात. १८७२ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. माणसं येत होती, त्यांना रोज कामावर चालत जाता येईल अशी जागा हवी होती आणि वाडीच्या मालकाला नारळापेक्षा भाडं परवडत होतं. वाड्यांमध्ये चाळी उभ्या राहिल्या.

चाळीची रचना सोपी आणि स्वस्त. सागवानी खांब-तुळया, वर कौलं, मधे जिना, मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गॅलरी आणि गॅलरीला लागून खोल्यांची ओळ. खोली दहा बाय दहा, दहा बाय बारा. कोपऱ्यात मोरी. डबल रूम असेल तर मागची खोली स्वयंपाकाची. नळ आणि संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. दोन चाळींच्या मधे अरुंद हाऊसगल्ली. जमिनीखालची गटारं सगळीकडे पोहोचण्याआधी टोपलीचे संडास याच गल्लीतून साफ केले जात. ते काम करणारा माणूस चाळीच्या दर्शनी बाजूला येणार नाही, याची सोय बांधकामातच करून ठेवलेली होती.

गिरगावची चाळ आणि गिरणगावची, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांभोवतीची, चाळ दिसायला सारख्या असल्या तरी आतलं जग वेगळं होतं. गिरगावात सरकारी कचेऱ्या, पेढ्या, शाळा आणि छापखान्यांत काम करणारे पांढरपेशे सहकुटुंब राहत. तिथं मुलांचे अभ्यास होते, हळदीकुंकू होतं, गॅलरीत वर्तमानपत्राचं सामुदायिक वाचन होतं. लालबाग-परळच्या चाळींत कैक वर्षं पुरुषच जास्त. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त लोक तेव्हा मुंबईत होते. बायको-मुलं, शेत आणि म्हातारे आईबाप कोकणात किंवा घाटावर; गडी मुंबईत. त्याचं खरं घर गावालाच होतं. मुंबईत लागत होती ती फक्त पाठ टेकायला जागा.

त्यातून गावकीची खोली निर्माण झाली. एका गावचे लोक वर्गणी काढून खोली भाड्यानं घेत. ज्याला त्याला ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि भिंतीवर एक खुंटी. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागी वळकटी पसरत असे. गिरणीचा भोंगा खोलीचंही वेळापत्रक ठरवत होता. गोव्याहून आलेल्या खलाशांनी, आचाऱ्यांनी आणि वादकांनी धोबीतलाव-गिरगाव भागात याच धर्तीवर आपापल्या गावांचे ‘कूड’ चालवले. त्यांतले काही अजून चालू आहेत. गावकीच्या खोलीत झोप असे, पण चूल बहुधा नसे. जेवण खानावळीत. एखादी बाई आपल्या दहा बाय बारात नवरा-मुलांसह राहून दहा-पंधरा गड्यांना दोन वेळा जेवू घाले. गिरणगावातल्या अनेक पुरुषांचं स्वयंपाकघर असं शेजारच्या चाळीत होतं.

खोली मिळवणं हा नोकरी मिळवण्याचाच भाग होता. गिरणीत बदलीचं काम देणारा जॉबर अनेकदा खोलीचीही व्यवस्था करी, उधारी मिळवून देई. त्यामुळे खोली गेली की काम जाण्याची भीती आणि काम गेलं की खोली. संपाच्या काळात हेच उलटं फिरे. गावकी, वाणी आणि शेजार यांच्या उधारीवर संप महिनोन्महिने चाले.

सरकारचं लक्ष या खोल्यांकडे गेलं ते रोगामुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. प्लेगवाले घरात शिरत, रोग्याला इस्पितळात आणि बाकीच्यांना छावणीत नेत, ऊन यावं म्हणून कौलं उतरवत, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवत. घराच्या आत काय आहे हे सरकारनं पहिल्यांदाच इतक्या बारकाईनं पाहिलं, आणि ते पाहणं लोकांना रोगाइतकंच भयंकर वाटलं. मार्च १८९८ मध्ये त्यावरून दंगल झाली.

त्याच वर्षी कायदा होऊन बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. हवा आणि उजेड हे ट्रस्टचं धोरण. दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. रस्त्यासाठी ज्यांची घरं गेली त्यांना लगेच दुसरं घर मिळालंच असं नाही. पुष्कळजण शेजारच्या चाळीत पोटभाडेकरू म्हणून शिरले आणि तिथली गर्दी वाढली. ट्रस्टनं काही चाळी बांधल्या, त्या बीआयटी चाळी. १९११ च्या खानेसुमारीत शहरातल्या दर दहा माणसांपैकी सुमारे सातजण एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते.

यानंतर मोजणीचा काळ आला. १९२१ मध्ये मुंबई सरकारचं लेबर ऑफिस सुरू झालं आणि त्यानं कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. अलाहाबाद विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचं ‘लेबर अँड हाउसिंग इन बॉम्बे’ हे पुस्तक १९२५ मध्ये लंडनहून निघालं. गिरणगावातल्या अंधाऱ्या बोळांची, एका खोलीत राहणाऱ्या अनेक कुटुंबांची आणि भाड्यांची तपशीलवार नोंद त्यात आहे. पुढे शाही कामगार आयोगानंही हेच चित्र मांडलं. या पाहण्यांमधून खोली, तिचं क्षेत्रफळ, त्यातली माणसं, हवेचा झरोका यांची आकडेवारी जमली. गॅलरीत झोपणारे, नाक्यावर बसणारे, व्यायामशाळेत राहणारे मात्र त्या कोष्टकांत नीट मावत नव्हते.

आकड्यांना उत्तर म्हणून काँक्रीट आलं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं २०७ चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. एकूण खोल्या सोळा हजारांच्या घरात. लाकडी चाळीपेक्षा या इमारती भक्कम होत्या. पण भाडं जास्त आणि वरळी तेव्हा कामगाराला दूर. कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींचा सरकारनं तात्पुरता तुरुंग केला. ज्या भिंतींमागे कामगाराला हवेशीर घर मिळायचं होतं, तिथं सत्याग्रही डांबले गेले.

पुढे याच बीडीडी चाळी ओसंडून वाहू लागल्या. गिरणी कामगार आले, पोलीस आले, सरकारी नोकर आले, आणि १६० चौरस फुटांत तीन पिढ्या मावल्या.

मावल्या कशा, तर बाहेर पडून. चाळीतली खोली म्हणजे आगगाडीतला बाक: सामान ठेवायला आणि जागा धरायला, बाकीचा प्रवास मार्गिकेत आणि दारात. पुरुष गॅलरीत झोपत, उन्हाळ्यात गच्चीवर. मुलं जिन्याच्या दिव्याखाली अभ्यास करत. लग्न ठरलं की शेजारच्या तीन खोल्या पाहुण्यांना मोकळ्या करून दिल्या जात आणि मांडव चौकात पडे. परळच्या दामोदर हॉलमध्ये नाटकं होत. ते नाट्यगृह उभं राहिलं सोशल सर्व्हिस लीगच्या कामातून. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेनं कामगार वस्तीत वाचनालयं आणि रात्रशाळाही चालवल्या. ज्या घरात टेबल मांडायला जागा नव्हती, त्या घराची अभ्यासिका अशी रस्त्याच्या पलीकडे होती.

सणही बाहेरच. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९०१ मध्ये लोकमान्य टिळक तिथं येऊन गेले. गिरणगावात चिंचपोकळीचा उत्सव १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, लालबागच्या राजाचा १९३४ चा. या मंडळांकडे मूर्ती आणि मांडवाइतकाच महत्त्वाचा ऐवज होता तो वर्गणीच्या वहीचा. चाळीत कोण आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी दुखणं आहे, याची खबर त्या वहीमुळे फिरत राही.

बायकांनी या उघड्या जागेचा वेगळा उपयोग केला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली; तेच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड. १९७२-७३ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेला घराघरांतून लाटणी आणि थाळ्यांनी उत्तर मिळालं. एका मजल्यावर थाळी वाजली की वरच्या मजल्याला ती ऐकू जाणारच, असं बांधकामच होतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. बँकेचं कर्ज तोवर ज्यांना कोणी दिलं नव्हतं, त्यांना ते एकमेकींच्या हमीवर मिळू लागलं.

चाळीच्या आठवणी लिहिताना शेजारधर्माचा सूर सहज लागतो. पु. ल. देशपांडे यांचं ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये पुस्तकरूपानं आलं, तेव्हाच चाळ ही आठवणीत ठेवायची गोष्ट होऊ लागली होती. पण सामाईक गॅलरी म्हणजे समता नव्हे. चाळी पुष्कळदा जातीनं, गावानं, धर्मानं वाटलेल्या असत. गिरण्यांच्या विणखात्यात दलित कामगारांना शिरू दिलं जात नव्हतं, कारण तिथं धोट्यात धागा ओढताना तोंड लावावं लागे. तीच भिंत वस्तीतही होती. बीडीडी चाळींत दलितांच्या इमारती वेगळ्या ओळखल्या जात. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली. एका बाजूला दलित पँथर, दुसऱ्या बाजूला शिवसेना. ज्या गच्च्यांवर उन्हाळ्यात अंथरुणं पडत, त्यांवरून दगडफेक झाली. एकांत नसण्याची किंमतही बायकांनीच जास्त मोजली. अंधार पडण्याची वाट पाहून संडासला जाणं, एका पडद्याच्या आडोशानं सुरू झालेला संसार, पहाटे चारला नळापाशी लागलेली रांग या गोष्टी स्मरणरंजनात कमी येतात.

नळ आणि संडास घरात आणणारं घर आधी दादर-माटुंग्यात घडलं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या शेतजमिनींवर आखणी सुरू केली: सरळ रस्ते, ठरावीक भूखंड, दोन इमारतींत ठरावीक अंतर, मजल्यांवर मर्यादा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्याची फळं. पश्चिमेला महापालिकेनं शिवाजी पार्क आखलं. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या मैदानाला दोन वर्षांनी हे नाव मिळालं आणि भोवती पुढच्या दोन दशकांत गोलसर बाल्कन्यांच्या इमारती उठल्या. इथं खोली जाऊन ‘सेल्फ कंटेन्ड ब्लॉक’ आला. हॉल, झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास हे सगळं एका दाराच्या आत.

आज इतकी साधी वाटणारी ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती. इतिहासकार निखिल राव यांनी माटुंगा आणि आसपासच्या ब्लॉकचा अभ्यास ‘हाउस, बट नो गार्डन’ या २०१३ च्या पुस्तकात मांडला आहे. संडास घरात म्हणजे स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या जवळ. सोवळंओवळं पाळणाऱ्या कुटुंबांना तो नकोसा होता. फ्लशचा संडास आला, त्याची जागा घराच्या कडेला ठरली आणि हळूहळू ‘ब्लॉकमध्ये राहणं’ ही मध्यमवर्गाची ओळख झाली. दाराला आतून कडी लावून दिवस काढता येऊ लागला. गिरगावातला कारकून शक्य झालं की दादरला, तिथून त्याचा मुलगा पार्ल्याला, नातू डोंबिवलीला, असा मराठी मध्यमवर्गाचा प्रवास रुळांच्या कडेनं झाला, आणि प्रत्येक मुक्कामाला आणखी एक भिंत वाढली.

गृहनिर्माण सहकारी संस्थेची वाट गिरगावच्या शेजारीच निघाली होती. राव बहादूर श्रीपाद तालमकी यांच्या पुढाकारानं १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. भाडेकरू आणि मालक यांच्या मधली ही तिसरी जात पुढे सगळ्या मुंबईत पसरली: सभासद, चेअरमन, सेक्रेटरी आणि मेंटेनन्स.

चाळीत राहिलेल्यांचं नशीब मात्र एका तारखेशी बांधलं गेलं. युद्धकाळातल्या टंचाईवर उपाय म्हणून आलेलं भाडेनियंत्रण १९४७ च्या कायद्यानं पक्कं झालं आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला घराबाहेर काढणं जवळजवळ अशक्य झालं, भाड्याचा हक्क मुला-नातवांकडे जाऊ लागला. पाच-दहा रुपये भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना. व्यवहार पागडीनं होऊ लागले: मोठी रक्कम हातावर, भाडेपावती नाममात्र. कायद्यानं ही पागडी कित्येक दशकं गुन्हा होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तिला मान्यता दिली.

म्हणजे खोली तीच राहिली आणि कुटुंब वाढलं. जुन्या चाळींची उंच छतं कामी आली. पोटमाळा टाकला गेला, लाकडी शिडी लागली, नवं जोडपं वर गेलं. मोरीच्या भिंती वर चढल्या, तिला दार लागलं, काहींनी आत संडासही बसवला. गॅलरीच्या कठड्याला फळ्या ठोकून कुणी कपाट केलं, कुणी भांड्यांची जागा. ब्लॉकनं दादरमध्ये जे एका आराखड्यात केलं, ते गिरगावकरांनी आणि लालबागकरांनी सुतार-प्लंबर बोलावून तुकड्यातुकड्यानं केलं. वजन वाढत होतं, सागवान कुजत होतं. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि या इमारतींवर उपकर बसला. मोजल्या गेल्या तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ भरल्या. तेव्हापासून टेकू लावलेली चाळ, मान्सूनपूर्व नोटीस आणि ‘संक्रमण शिबीर’ हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. शिबिरात तात्पुरते म्हणून गेलेले काहीजण तिथंच म्हातारे झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. खोलीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा की पाळ्या संपल्या. रात्रपाळी-दिवसपाळीच्या आलटापालटीवर चालणाऱ्या घरात सगळे पुरुष एकाच वेळी, दिवसभर घरी बसले. खानावळींची उधारी थकली. बायका घरकामाला, शिवणकामाला, पापड-लोणच्याला लागल्या आणि खोलीचा कारखाना झाला. कैक कुटुंबं गावाला परतली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकानं हा काळ एका गिरणी कामगाराच्या घरात मांडला.

गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं तिचे तीन वाटे सुचवले: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, शेजारी काचेचे मनोरे आले. नेमक्या याच सुमारास चाळीचा अभ्यास नव्यानं सुरू झाला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या कामगारांच्या तोंडी इतिहासाचं पुस्तक २००४ मध्ये काढलं. आडारकरांनीच संपादित केलेलं ‘द चॉल्स ऑफ मुंबई: गॅलरीज ऑफ लाइफ’ २०११ मध्ये आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या पाहण्या खोलीपाशी थांबल्या होत्या; आता वास्तुरचनाकार गॅलरी, जिना आणि चौकही मोजू लागले.

मोजेपर्यंत चाळी पाडायची वेळ आली होती. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ रहिवाशांना नव्या मनोऱ्यातल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, चाळीस मजली इमारत, दोन झोपायच्या खोल्या, दोन न्हाणीघरं. ज्या बाईनं तीस वर्षं मजल्याच्या टोकाच्या संडासाबाहेर बादली घेऊन रांग लावली, तिच्या दृष्टीनं या घराची थोरवी कुणी समजावून सांगायची गरज नाही. दुसरीकडे लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक आणि पार्किंग यांचा मासिक खर्च पुढे कोण उचलणार, गणपतीचा मांडव कुठं पडणार, म्हाताऱ्यांनी दुपारी कुठं बसायचं, हे प्रश्न पुनर्विकासाच्या बैठकांत पुन्हा पुन्हा निघतात. गिरगावात मेट्रो-३ च्या स्थानकांसाठी ज्यांची घरं गेली त्यांना त्याच भागात मनोरे मिळायचे ठरले, तिथंही चर्चा हीच.

ज्यांच्या श्रमावर हा पट्टा उभा राहिला त्या गिरणी कामगारांना मात्र घरासाठी सोडतीची वाट पाहावी लागली. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरं होती, प्रत्येक २२५ चौरस फुटांचं. अर्ज दीड लाखाच्या आसपास. जागा कमी पडली तेव्हा सोडत पनवेलजवळच्या कोनला गेली. तिथली घरं भाडेतत्त्वाच्या योजनेतून आलेली, मूळची १६० चौरस फुटांची. दोन जोडून ३२० चं एक करून देण्यात आलं. नंतर शेलू आणि वांगणीची नावं पुढे आली. कोनच्या घरांचं मूळ मोजमाप बीडीडीचंच, फक्त परळपासूनचं अंतर कितीतरी जास्त. लॉइड यांच्या काळात वरळीसुद्धा कामगाराला लांब वाटली होती आणि खोल्या ओस पडल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, त्यांतले बरेचजण सत्तरी ओलांडलेले. शेलू-वांगणी नको, घर मुंबईतच हवं, ही त्यांची मागणी होती.